कॉम्प्लेक्सिटी थिअरी घ्यावी का? ग्वाल्हेरहून एक अनुभव

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आमच्या ओळखीच्या मराठी घरांतली मुलं बी.टेक.च्या तिसऱ्या वर्षाला आली की हमखास विचारतात, "ताई, कॉम्प्लेक्सिटी घेऊ का? डोक्यावरून जाते म्हणतात, आणि नोकरीत तर कोणी विचारतही नाही." मी मालवाहू गाड्यांचे मार्ग आखणारं सॉफ्टवेअर लिहिते. माझं उत्तर ठाम आहे: घ्या. कॉम्प्लेक्सिटी म्हणजे एखादा प्रश्न सोडवायला संगणकाला किती वेळ आणि जागा लागेल याचा अभ्यास. समोरचा प्रश्न कोणत्या जातकुळीचा आहे हे ओळखता आलं, की त्याच्याकडून काय मागायचं आणि काय सोडून द्यायचं हे पहिल्याच दिवशी ठरवता येतं.

व्याख्या पाठ करत बसू नका. कागद घ्या आणि 8, 7, 6, 5, 4 अशी पाच खोक्यांची वजनं लिहा. ती दोन टेम्पोंत होईल तितकी सारखी भरायची आहेत. जड खोकं आधी उचलून दरवेळी कमी भरलेल्या टेम्पोत टाकत गेलात, तर 17 आणि 13 होतात. फरक 4. आता दुसरी रीत. सगळ्यांत मोठ्या दोन संख्या खोडा आणि त्यांच्या जागी त्यांचा फरक लिहा. ही दोन खोकी वेगवेगळ्या टेम्पोंत जाणार एवढंच ठरलं; कुठलं कशात, ते शेवटी बघू. 8 आणि 7 गेले, 1 आला: 6, 5, 4, 1. मग 4, 1, 1. मग 3, 1. उरला 2. फरक निम्म्यावर आला. तरी 8 आणि 7 एकीकडे, बाकीची तिन्ही दुसरीकडे ठेवली तर 15 आणि 15 होतात, ते या रीतीला सापडलंच नाही.

मग सगळ्याच वाटण्या का तपासू नयेत? पाच खोक्यांच्या 16 होतात, जरूर तपासा. साठ खोकी असतील तर सेकंदाला 100 कोटी वाटण्या तपासणाऱ्या यंत्रालाही 18 वर्षं लागतील. संगणकशास्त्रज्ञ रिचर्ड कार्प यांनी 1972 साली ज्या 21 प्रश्नांना एनपी-कम्प्लीट ठरवलं (म्हणजे उत्तर तपासणं सोपं, पण ते दरवेळी वेगाने शोधणारी रीत आजवर कुणाला सापडलेली नाही), त्यांत हा वाटणीचा प्रश्न आहे. पण वजनं लहान पूर्णांकांत असतील, तर डायनॅमिक प्रोग्रामिंगचा, म्हणजे छोट्या प्रश्नांची उत्तरं साठवत जाणारा, तक्ता भरून अचूक उत्तर झटकन मिळतं. म्हणून 'हार्ड आहे' ऐकून हात टेकू नका. आकडे केवढे आहेत, ते आधी विचारा.

फरक काढत जायची ही रीत 1982 मध्ये कार्प आणि त्यांचे विद्यार्थी नरेंद्र करमरकर यांनी मांडली. करमरकरांचा जन्म आपल्या ग्वाल्हेरचा, आणि हे इथल्या मुलांना ठाऊक नसतं याचं मला फार वाईट वाटतं. त्यांचं मोठं काम लिनिअर प्रोग्रामिंगमधलं, म्हणजे रेषीय अटी पाळून खर्च कमीत कमी किंवा नफा जास्तीत जास्त करण्याच्या गणितातलं. डँट्झिग यांची 1947 ची सिम्प्लेक्स पद्धत व्यवहारात उत्तम चालत होती, पण 1972 मध्ये क्ली आणि मिंटी यांनी तिला घातांकी (प्रश्न थोडा वाढला की दुपटीने वाढत जाणाऱ्या) पायऱ्या मोजायला लावणारी उदाहरणं रचून दाखवली. 1979 मध्ये खाचियान यांनी पॉलिनॉमिअल टाइमची (प्रश्न वाढला तरी पायऱ्या अशा भडकणार नाहीत याची) हमी दिली, मात्र त्यांची पद्धत प्रत्यक्षात संथ निघाली. 1984 मध्ये बेल लॅब्समधून करमरकरांचा अल्गोरिदम आला, त्यात हमीही होती आणि वेगही. सर्वांत वाईट केस आणि रोजची केस हे दोन वेगळे प्रश्न आहेत, हे मला या इतिहासाने जितकं पक्कं शिकवलं तितकं कुठल्याच प्रमेयाने नाही.

बाकी क्षेत्रांत तर हा विषय सगळीकडे भेटतो. चिपची रचना तपासणारे लोक सॅट सॉल्व्हर चालवतात, आणि सॅट (दिलेलं तार्किक सूत्र खरं करता येईल का, हा प्रश्न) हाच कुक यांनी 1971 मध्ये दाखवलेला पहिला एनपी-कम्प्लीट प्रश्न. माहिती गुप्त ठेवणाऱ्या आरएसए पद्धतीत उलट, मोठ्या संख्येचे अवयव पाडणं अवघड राहावं अशीच इच्छा असते. अर्थशास्त्रात नॅश समतोल (एकट्याने चाल बदलून कोणाचाच फायदा होत नाही अशी स्थिती) असतो हे सिद्ध आहे; तो शोधून काढणं मात्र अवघड मानलं जातं.

अभ्यासाचं म्हणाल तर डिस्क्रीट मॅथ्स आणि ग्राफ आधी घट्ट करा. एनपीटेल या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या उपक्रमाची व्याख्यानं फुकट आहेत. सगळ्यात जास्त वेळ रिडक्शनला, म्हणजे एक प्रश्न दुसऱ्यात बदलण्याला द्या, आणि दिशा सांभाळा: आपला प्रश्न अवघड आहे हे दाखवायला, अवघड म्हणून माहीत असलेला प्रश्न आपल्या प्रश्नात बदलायचा असतो, उलट नाही. व्हर्टेक्स कव्हर, क्लिक, सबसेट सम हे पाठ्यपुस्तकांतले तिन्ही एनपी-कम्प्लीट प्रश्न स्वतःच्या हाताने एकमेकांना जोडून बघा.

'कॉम्प्लेक्सिटी'च्या नावाने नोकरीची जाहिरात सहसा दिसणार नाही. लॉजिस्टिक्स, चिप डिझाइन, सायबर सुरक्षा असं शोधा. संशोधनच करायचं असेल तर आयआयटी कानपूर, मुंबईचं टीआयएफआर, चेन्नईची आयएमएससी या जागा बघा. संख्या मूळ आहे का, हे पॉलिनॉमिअल टाइममध्ये ठरवणारा 2002 चा अल्गोरिदम कानपूरचाच: मणींद्र अग्रवाल आणि त्यांचे दोन तरुण विद्यार्थी, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांचा. तो शोधनिबंध बी.टेक.च्या मुलाला वाचता येईल इतका सुबोध आहे. मॉड्युलर अंकगणित (भागाकाराच्या बाकीचं गणित) उजळून घेऊन त्यालाच हात घाला.