सरासरी, प्रमाण विचलन, सहसंबंध: लघुशोधनिबंधात या चुका टाळा

एम.एड.च्या लघुशोधनिबंधात आकडेमोडीचं प्रकरण अडलं की बहुतेक जण सूत्रातली चूक शोधत बसतात. बेरीज-भागाकार एक्सेल बरोबरच करतं. गडबड बहुतेक वेळा रकान्यात असते.

चार मुलांचे गुण आहेत 62, 58, 71, 64 आणि पाचवा गैरहजर. त्याच्यापुढे कुणी 0 भरलं तर सरासरी 51 येते. जागा रिकामी ठेवली तर 63.75. त्या शून्यामुळे प्रमाण विचलन, म्हणजे गुण सरासरीभोवती किती पसरलेत त्याचं माप, 5.4 वरून थेट 28.9 वर जातं आणि वर्गात प्रचंड तफावत असल्याचं लिहिलं जातं. मध्यक, म्हणजे चढत्या क्रमाने लावलेल्या गुणांतला मधला, मात्र 63 चा 62 होतो, एवढंच. म्हणून सरासरी आणि मध्यक नेहमी शेजारी-शेजारी काढा. दोन्हींत मोठं अंतर दिसलं तर यादी वरपासून खालपर्यंत वाचा. अंतर खरंही असू शकतं. पालकांच्या उत्पन्नात ते असतंच. अशा वेळी मध्यक जरूर द्या.

दुसरीकडून आणलेले आकडे कधी कधी मजकूर म्हणून बसतात आणि चौकोनात डावीकडे चिकटलेले दिसतात. सरासरी काढताना एक्सेल ते मुकाट्याने वगळतं. काउंट हे आकडे मोजणारं सूत्र लावा. तो आकडा तुमच्या उत्तरपत्रिकांशी जुळला पाहिजे.

प्रमाण विचलनाची दोन सूत्रं आहेत. नमुन्यासाठी एसटीडीईव्ही डॉट एस, म्हणजे भागाकार एन (एकूण आकड्यांची संख्या) वजा एकने. संपूर्ण गटासाठी एसटीडीईव्ही डॉट पी. वरच्या चार गुणांवर पहिलं 5.4 देतं, दुसरं 4.7. कुठलं वापरलं ते निबंधात लिहा.

आता सहसंबंध, म्हणजे उपस्थिती आणि गुण अशा दोन गोष्टी किती जोडीने बदलतात ते; त्याचा आकडा म्हणजे गुणांक. सर्वाधिक नुकसान इथेच होतं. एकच रकाना सॉर्ट केला की जोड्या फुटतात: एकाची उपस्थिती दुसऱ्याच्या गुणांसमोर येते. सॉर्ट करताना शेजारचे रकानेही घ्यायचे का, असं एक्सेल सहसा विचारतं, पण जोड्या एकदा फुटल्या की कुठलाही इशारा देत नाही, गुणांक मात्र येतोच. शून्याने भागल्याची चूक दिसली तर एखाद्या रकान्यातले सगळे आकडे सारखे आहेत का, ते आधी बघा.

आलेख काढल्याशिवाय गुणांक लिहूच नका, हा माझा आग्रह आहे. 1973 साली फ्रान्सिस अँस्कोम यांनी अकरा-अकरा बिंदूंचे चार संच मांडले. चारही संचांत क्षची सरासरी 9, यची साधारण 7.5 आणि सहसंबंध सुमारे 0.82. आलेखात मात्र एकात साधा सरळ कल, दुसऱ्यात स्वच्छ वक्र, तिसऱ्यात एका बिंदूने बिघडवलेली सरळ रेषा. चौथ्यात दहा बिंदू एकाच उभ्या रेषेत, आणि सगळा सहसंबंध उरलेल्या एकट्या बिंदूमुळे!

गुणांक शून्याजवळ आला म्हणून 'संबंध नाही' असंही लिहू नका. थोड्या ताणाने गुण वाढत असतील आणि फार ताणाने घसरत असतील, तर नातं घट्ट असूनही पिअर्सनचा गुणांक (एक्सेल देतं तो हाच) शून्याजवळ येऊ शकतो. तो फक्त सरळ रेषेतलं नातं मोजतो. तसंच 0.6 म्हणजे 60 टक्के संबंध नव्हे. वर्ग करा, 0.36 येतो: गुणांतल्या व्हेरिअन्सपैकी (प्रमाण विचलनाचा वर्ग) 36 टक्के भाग त्या सरळ नात्यातून समजतो. कारण कुठलं आणि परिणाम कुठला, हे त्यातून कळत नाही.

फक्त हुशार तुकडीचा नमुना घेतला असेल तर गुणांक साधारणपणे कमी येतो, कारण गुणांचा पल्लाच आखडलेला असतो. मार्गदर्शकांनी विचारण्याआधी नमुन्याच्या मर्यादांमध्ये हे नोंदवा, आणि गुणांकाशेजारी किती जोड्यांवरून तो काढला तेही.