मेळघाट पाहायचा तर पाण्यामागे जा

जिप्सीत बसलेली माणसं वाघ शोधत असतात. वाघ दिसेल, नाही दिसेल. डोंगर तर समोरच आहे, तो तरी नीट पाहून घ्या. परतवाड्याच्या शाळेत भूगोल शिकवताना पोरांसाठी एक युक्ती काढली होती, तीच सांगतो.

घरूनच सर्व्हे ऑफ इंडियाचा १:५०,००० चा नकाशा आणि दोन रंगीत पेन्सिली घ्या. खंडू, खापरा, सिपना, गाडगा, डोलार निळ्याने गिरवा. हे सगळं पाणी तापीला जातं. चंद्रभागा, शहानूर, वान लालने, हे पूर्णेला. मधे जी कोरी पट्टी उरते, तो गाविलगडच्या डोंगरांचा माथा. निळी रेघ लाल रेघेला कुठे कापत असेल तर पेन्सिल चुकली समजा. माझी चुकली होती. चिखलदऱ्याजवळचा एक नाला मी आठ वर्षं उलटा वाहवला, आणि सातवीतल्या एका पोरीने पकडला. गंमत म्हणजे पूर्णा पुढे चांगदेवला तापीलाच मिळते. माथ्यावर वाटण्या करून निघालेली भावंडं खाली एकाच घरात!

आता चिखलदऱ्याजवळच्या वैराट शिखरावर जा, ११७८ मीटर. दक्षिणेकडे बघितलं की डोंगर संपतो, हळूहळू नाही, एकदम. इथून जमिनीत मोठा भ्रंश, म्हणजे खडकातली लांब भेग, गेलाय. खालची बाजू खचली आणि तिच्यावर पूर्णेचा गाळ साचत गेला. तेच आपलं वऱ्हाडचं मैदान, खारपाणपट्टा, म्हणजे जमिनीखाली खारं पाणी असलेला भाग, त्यातलाच. उत्तरेला मात्र उतार सावकाश, डोंगरामागे डोंगर, म्हणून सिपनेला वळणं घेत फिरायला जागा मिळते.

लोक पावसाळ्यानंतर येतात, हिरवं बघायला. जमीन वाचायची तर एप्रिल-मे. सागाची पानं गळलेली असतात आणि काळ्या दगडाचे थर पायऱ्यांसारखे उघडे पडतात. नदीची धार तुटते, पण डोह राहतात. कोलकासजवळ सिपनेचं पात्र बघा: कोरडे गोटे, मग अचानक गर्द पाणी. जनावरंही तिथेच.

परतवाडा, घटांग, सेमाडोह या रस्त्याने जाताना प्रत्येक रपट्यावर (नाल्यावरच्या बुटक्या पुलावर) एकच प्रश्न विचारायचा: पाणी डावीकडे की उजवीकडे? मग नकाशाशी ताळा. पण १९७४ पासून हा व्याघ्र प्रकल्प आहे. जंगलात गाडीतून उतरू नका, परवानगी आणि गाईड घ्याच. गाईड इथल्या कोरकू आदिवासींपैकी असेल तर नाल्यांची नावं त्यालाच विचारा, नकाशात अर्धीही नसतात. सिपना म्हणजे कोरकूत साग, हे मला असंच कळलं.

मोबाईलच्या नकाशावर विसंबू नका, रेंज जाते. आणि प्यायचं पाणी परतवाड्यातूनच भरून घ्या, माणशी तीन लिटर.