प्रीअॅम्प बदलायचाय? आधी नॉब कुठे आहे ते बघा

प्रीअॅम्प म्हणजे सीडी प्लेअर वगैरेंचा सिग्नल घेऊन, आवाज कमी-जास्त करून पॉवर अॅम्पला देणारा डबा; पॉवर अॅम्प तो स्पीकर वाजवण्याइतका वाढवतो. रोज ऐकता तेवढ्या आवाजात गाणं लावा आणि प्रीअॅम्पचा नॉब घड्याळात किती वाजल्यासारखा दिसतो ते पाहा. आठ-नऊच्या पुढे तो कधी जातच नसेल, तर तुमच्या सिस्टीममध्ये गेन (सिग्नल किती वाढतो ते) गरजेपेक्षा जास्त आहे. सीडी प्लेअर किंवा डॅक (डिजिटल सिग्नल अॅनालॉग करणारा डबा) साधारण २ व्होल्ट देतो. बऱ्याच पॉवर अॅम्पना पूर्ण ताकदीसाठी १ ते १.५ व्होल्ट पुरतात. मध्ये २० डेसिबल गेनचा प्रीअॅम्प बसवला की व्होल्टेज दहापट होणार, आणि नॉबने आपण ते पुन्हा कापत बसणार.

यात दुखणं असं, की साध्या व्हॉल्यूम पॉटचे (नॉबमागच्या फिरत्या रेझिस्टरचे) डावा-उजवा हे दोन चॅनेल अगदी खालच्या टोकाला सारखे चालत नाहीत. माझ्याकडे रात्री हळू आवाजात लावलं की तानपुरा डावीकडे सरकायचा, आणि मी महिनाभर स्पीकरच हलवत होतो! म्हणून नवा प्रीअॅम्प बघताना गेन ६ ते १२ डेसिबलच्या आसपास आहे का, किंवा कमी-जास्त करता येतो का, ते आधी विचारा. रिले (विजेवर चालणारे छोटे स्विच) आणि रेझिस्टरवर चालणारा व्हॉल्यूम महाग पडतो, पण खाली आणला तरी दोन्ही बाजू बरोबर राहतात.

आता कागद काढा. प्रीअॅम्पचा आउटपुट इम्पिडन्स (सिग्नलला होणारा विरोध, ओहममध्ये) आणि पॉवर अॅम्पचा इनपुट इम्पिडन्स शेजारी-शेजारी लिहा. दुसरा आकडा पहिल्याच्या निदान दहापट हवा. वाल्व्हचा (काचेच्या नळ्यांचा) प्रीअॅम्प घेणार असाल तर इथे जरा थांबाच. त्याच्या आउटपुटला बहुधा कपॅसिटर असतो. तो ०.२२ मायक्रोफॅरडचा आणि पुढच्या पॉवर अॅम्पचा इनपुट इम्पिडन्स १० किलोओहम असेल, तर ७२ हर्ट्झलाच आवाज ३ डेसिबलने उतरलेला असतो. डग्ग्याचा घुमारा गेलाच म्हणून समजा. तोच प्रीअॅम्प १०० किलोओहमच्या पॉवर अॅम्पला लावा, उतार थेट ७ हर्ट्झवर जातो. दोष कुणा एकाचा नाही, जोडी जुळली नाही इतकंच.

इनपुट किती लागतात ते मोजा. टर्नटेबल असेल तर फोनो स्टेज (टर्नटेबलचा बारीक सिग्नल वाढवणारा भाग) आहे का बघा. केबल पाच-सात मीटर लांब जाणार असेल तरच बॅलन्स्ड जोडणीचा (तीन तारांची, वाटेतली खरखर कापणारी) हट्ट धरा. परदेशातून जुना माल आणत असाल तर मागची पट्टी वाचा: अमेरिकेचा १२० व्होल्टचा, जपानचा १०० व्होल्टचा. आपल्या २३० व्होल्टवर तसाच लावलात तर धूरच निघेल.

शेवटी कान. पण दोन प्रीअॅम्पची तुलना अंदाजाने करू नका, जरासा मोठा वाजणारा नेहमीच सरस वाटतो. १०० हर्ट्झचा टोन बेताच्या आवाजात लावा, मल्टिमीटर एसीवर ठेवून स्पीकरच्या टर्मिनलवर व्होल्टेज मोजा आणि दोन्ही वेळा एक टक्क्याच्या आत जुळवा. टर्मिनल एकमेकांना टेकवू नका. मग नेहमीची दोन-तीन गाणी ऐका. एकदा गाणं बंद करून, नॉब नेहमीच्या जागी ठेवून ट्वीटरजवळ कान न्या. सूं किंवा घूं ऐकू आली तर तीही लिहून ठेवा.

अदलाबदल करताना पॉवर अॅम्प आधी बंद करा आणि सगळ्यात शेवटी चालू करा. नाहीतर जो 'धप्' आवाज येतो, तो स्पीकरला महागात पडू शकतो.