लघवी, वीर्य, संडास तपासायला देताय? डबी भरायच्या आधी हे वाचा

रक्त लॅबवाले काढतात, त्यामुळे ते बरोबर काढायची जबाबदारी आमची. पण लघवी, संडास आणि वीर्याचं सॅम्पल पेशंट स्वतः आणतो आणि काउंटरवर गर्दी असली की त्याला डबी देऊन "भरून आणा" एवढंच सांगितलं जातं. मग सॅम्पलच चुकीचं आलं तर मशीन कितीही भारी असू दे, रिपोर्ट चुकणारच. म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आधी लघवी. सकाळची पहिली सगळ्यात चांगली, रात्रभर साठलेली असते त्यामुळे प्रोटीन, पस सेल्स (पू च्या पेशी) असं काही असलं तर सापडतं. हात धुवा, मग ती जागा साध्या पाण्याने धुवून पुसा, बायकांनी पुढून मागे. सुरुवातीची थोडी लघवी सोडून द्या, मधली धार डबीत घ्या, उरलेली परत टॉयलेटमधे. हे मधल्या धारेचं का, तर पहिल्या धारेबरोबर कातडीवरच्या पेशी आणि जंतू वाहून येतात. रिपोर्टवर एपिथेलियल सेल्स (म्हणजे याच कातडीवरच्या पेशी) 'प्लेन्टी', म्हणजे भरपूर, आणि त्याच्याच खाली पस सेल्स ८-१० असं दिसलं ना, तर बऱ्याचदा सॅम्पल नीट घेतलेलं नसतं, आणि पेशंट उगाच अँटिबायोटिक खात बसतो. अशा वेळी डॉक्टरांना विचारून परत सॅम्पल द्या. पाळी चालू असेल तर घाई नसल्यास संपेपर्यंत थांबा, घाई असेल तर काउंटरवर सांगा म्हणजे रिपोर्टवर तशी नोंद होते. व्हिटॅमिन सी च्या गोळ्या चालू असतील तर तेही सांगा, त्याने स्ट्रिपवर (लघवीत बुडवून रंग बघायची पट्टी) रक्त आणि साखर असूनही कमी दिसू शकते.

कल्चर, म्हणजे लघवीतले जंतू वाढवून बघायची तपासणी, सांगितलं असेल तर डबी निर्जंतुकच लागते, घरची धुतलेली बरणी किंवा औषधाची बाटली चालत नाही. झाकण अगदी शेवटच्या क्षणी उघडा, आत बोट लावू नका, आणि शक्य असेल तर अँटिबायोटिकचा पहिला डोस घ्यायच्या आधी सॅम्पल द्या. लघवी तासा-दोन तासात लॅबला पोचली पाहिजे, उशीर होणार असेल तर फ्रिजमधे ठेवा, फ्रीझरमधे नाही. बाहेर तशीच राहिली तर जंतू डबीतच वाढतात आणि कल्चर उगाच पॉझिटिव्ह येतं. रिपोर्टला दोन-तीन दिवस लागतात, कारण जंतू प्लेटवर वाढायला वेळ द्यावाच लागतो, लॅबवाल्याला सारखे फोन करून तो लवकर येत नाही.

२४ तासांची लघवी, म्हणजे दिवसभराची सगळी एका कॅनमधे जमवायची, यात एकच गोष्ट सगळ्यांची चुकते. सकाळी उठल्यावरची पहिली लघवी टाकून द्यायची आणि ती वेळ लिहायची, त्यानंतरची प्रत्येक लघवी कॅनमधे, आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळेची सकाळची पण कॅनमधे. मधली एक जरी टॉयलेटमधे गेली तरी लपवू नका, सांगा, परत सुरू करता येतं.

आता वीर्य तपासणी, म्हणजे सीमेन ॲनालिसिस. मूल होत नसलं की आपल्याकडे बायकोच्या सोनोग्राफ्या, हार्मोन्स, ट्यूबची तपासणी सगळं होतं आणि नवऱ्याची ही साधी तपासणी सगळ्यात शेवटी. हे उलटं करा हो, कारण ही तपासणी स्वस्त आहे, सुई नाही, भूल नाही, आणि दोष पुरुषात असणं अजिबात दुर्मिळ नाही.

त्याआधी २ ते ७ दिवस संबंध किंवा हस्तमैथुन नको. सॅम्पल शक्यतो लॅबच्याच खोलीत द्या, हस्तमैथुन करूनच, तेल, साबण, थुंकी, जेली काही न लावता. साध्या कंडोममधे आणू नका, त्यातल्या रसायनाने शुक्राणू मरतात. घरून आणणार असाल तर डबी शर्टच्या आत अंगाला लावून आणा, फ्रिज नको, बर्फ नको, आणि अर्ध्या तासात, फार तर तासाभरात पोचा. सॅम्पल काढल्याची वेळ डबीवर लिहा, कारण वीर्य पातळ व्हायला किती वेळ लागला हे आम्ही तिथूनच मोजतो. थोडं सांडलं, विशेषतः पहिला भाग, तर न लाजता सांगा. जास्तीत जास्त शुक्राणू त्याच भागात असतात, तो गेला तर काऊंट खोटाच कमी येणार आणि घरात उगाच रडारड होणार.

आकडे वाचताना, जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तिकेप्रमाणे खालची मर्यादा अशी: वीर्याचं प्रमाण १.४ मिली, शुक्राणू १.६ कोटी प्रति मिली, एकूण हालचाल ४२ टक्के, नॉर्मल आकाराचे ४ टक्के. हो, चारच, ९६ टक्के वेडेवाकडे बघून घाबरू नका. आणि यापेक्षा थोडं कमी आलं म्हणजे बाप होणारच नाही असंही नाही. शुक्राणू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात, त्यामुळे दोन महिन्यांपूर्वी डेंग्यूचा कडक ताप येऊन गेला असेल तर त्याचा परिणाम आज दिसू शकतो. रिपोर्ट खराब आला तर पुन्हा तपासणी होतेच, एका रिपोर्टवर कोणी निकाल लावत नाही.

संडासाचं सोपं आहे. आधी लघवी करून घ्या, मग पॅनवर प्लास्टिक पसरा किंवा कोरड्या भांड्यात घ्या, पाणी, लघवी, टॉयलेट क्लीनर लागता कामा नये. सुपारीएवढं पुरे, पातळ असेल तर दोन-तीन चमचे. डबीच्या झाकणाला चमचा असतो त्याने आव किंवा रक्त दिसतंय तिथलाच भाग उचला. जुलाब असतील तर लगेच पळा, जिवंत अमिबा स्लाईडवर सरकताना दिसतो पण पाऊण-एक तासाने तो मेलेला असतो आणि मग ओळखता येत नाही. जंत शोधायचे असतील तर डॉक्टर एक दिवसाआड तीन सॅम्पल सांगतात, पहिलं नॉर्मल आलं म्हणून पुढची दोन टाळू नका. बाळाचं सॅम्पल असेल तर डायपर उलटा, प्लास्टिकची बाजू आत करून लावा, म्हणजे शी शोषली जात नाही. लोहाच्या गोळ्या चालू असतील तर संडास काळी होते, तेवढं डबी देताना सांगून ठेवा.