वर्गाचा ब्लॉग काढताय? आधी कमेंट लिहायला शिकवा

वर्गाचा ब्लॉग पहिल्यांदा काढला त्या वर्षी मी वहीतले निबंध मुलांकडून तसेच्या तसे टाइप करून घेतले. पोस्टांचा ढीग पडला, वाचणारी मात्र मी एकटीच. मग वही काय वाईट होती?

पुढच्या वर्षी उलट्या टोकाने सुरुवात केली. पहिले तीन आठवडे पोस्ट लिहायचीच नाही, फक्त कमेंट, आणि तीही कागदावर, शेजाऱ्याच्या वहीतल्या मजकुराखाली. 'छान', 'मस्त' बाद. मजकुरातलं एक वाक्य धरून बोलायचं आणि एक खरा प्रश्न विचारायचा. खरा म्हणजे ज्याचं उत्तर विचारणाऱ्यालाही ठाऊक नाही असा. हे मलाच जड गेलं. उत्तर माहीत असलेले प्रश्न विचारण्यात आम्हा शिक्षकांची हयात जाते!

मग गंमत सुरू झाली. एका मुलीने बाष्पीभवनावर लिहिलं, 'पाणी उकळलं की त्याची वाफ होते.' खाली एकाने विचारलं, 'मग ओले कपडे न उकळताच कसे वाळतात?' दोन दिवस ती गप्प. नंतर तिने लिहिलं, की पृष्ठभागावरचे जास्त वेगाचे कण उकळण्याआधीही निसटतात, आणि वाऱ्याने हे काम लवकर होतं. मी लाल शाईने खूण केली असती तर तिने बरोबर वाक्य उतरवून घेतलं असतं आणि विषय मिटला असता. तेव्हापासून आमच्याकडे चुकलेलं वाक्य पुसत नाहीत, त्याच्याखाली तारीख घालून नवं लिहितात. परीक्षेच्या आधी मुलं तेच वाचत बसतात.

तांत्रिक बाजू फार अवघड नाही. वर्डप्रेसवर (ब्लॉग बनवण्याचं एक साधन) मुलांना 'कॉन्ट्रिब्युटर' ही भूमिका द्या. त्यांना लिहिता येतं, पण प्रसिद्ध करण्याची कळ तुमच्या हाती राहते. कमेंटही मंजुरीनंतरच दिसतील असं सेटिंग ठेवा. बऱ्याच देशांत 13 वर्षांखालच्या मुलांना स्वतःचं गूगल खातं स्वतःहून उघडता येत नाही, त्यामुळे ब्लॉगर ही गूगलची ब्लॉगसेवा वापरणार असाल तर लहान वर्गांच्या पोस्ट तुमच्याच खात्यावरून टाकाव्या लागतील. टोपणनाव, चेहऱ्याचा फोटो नाही आणि पालकांची लेखी संमती, यात सूट देऊ नका. चित्रं मुलांनी स्वतः काढलेली बरी; नाहीतर क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याची (म्हणजे इतरांनी वापरायला चित्रकाराने आधीच मुभा दिलेली), चित्रकाराचं नाव देऊन.

गणितात माझं फारसं जमलं नाही. अपूर्णांक टाइप करण्यातच तास जातो. वहीच्या पानाचा फोटो टाकून खाली चर्चा करणं त्यातल्या त्यात बरं.

सगळं वाचायचा हट्ट धरू नका, महिन्याभरात थकाल. मी आठवड्याला वर्गातल्या एक तृतीयांश मुलांचं वाचते. गुण पोस्टच्या लांबीला नाही, तर प्रश्नाला आणि दुरुस्तीला. आणि स्वतः पहिली कमेंट करायचा मोह आवरा. बाईंनी लिहिलं की खाली कोणी लिहीत नाही. मी आता तिसऱ्या दिवशी लिहिते, तेही कोणाचाच प्रश्न आला नसेल तर.