ढगाळ दिवसांतील दुहेरी खत आणि न मोजलेला निचरा

ढगाळ, दमट हवामानाचा पट्टा सुरू झाला की पॉलिहाऊसमधील ग्रो-बॅग पिकांत, म्हणजे कोकोपीटसारख्या (नारळाच्या भुशाच्या) माध्यमाने भरलेल्या पिशव्यांतील पिकांत, दर हंगामात तेच नुकसान पाहावे लागते. ढोबळी मिरचीची पाने कडेने करपतात, टोमॅटोच्या फळाचे बूड काळे पडते, काकडीचे वेल भर दुपारी माना टाकतात, आणि उत्पादक पिशवी उकरून मुळे पाहण्याऐवजी औषध आणायला धावतो. यातील बहुतेक प्लॉटमध्ये कारण एकच सापडते. पिशवी भरताना गांडूळखत, शेणखत आणि निंबोळी पेंड मुबलक घातलेली असते, वरून ठिबकातून विद्राव्य खतांची पूर्ण मात्रा चालू असते आणि पिशवीखालून निघणारे पाणी कोणीही, एकदाही मोजलेले नसते. या हंगामात दुसरे काही जमले नाही तरी चालेल, या निचऱ्याच्या पाण्यातील क्षार मात्र मोजावेत.

रासायनिक आणि सेंद्रिय खते एकत्र वापरण्यात मुळात काहीही गैर नाही. विद्राव्य खतातून अन्नद्रव्य लगेच मिळते, सेंद्रिय खत ते हळूहळू सोडते, माध्यमाची अन्नद्रव्य धरून ठेवण्याची क्षमता वाढवते आणि सूक्ष्मजीवांना खाद्य पुरवते. नायट्रेट पेंडीतून आले की पोत्यातून, याने मुळाला फरक पडत नाही. (असे पीक सेंद्रिय म्हणून विकता येत नाही, हे मात्र आधीच लक्षात घ्यावे.) बिघाड होतो तो हिशेबात. सेंद्रिय खताला ‘ताकद’ समजले जाते, खत समजले जात नाही, त्यामुळे त्यातील नत्र आणि पालाश विद्राव्य खताच्या मात्रेतून वजा केलेच जात नाहीत.

हा हिशेब कागदावर मांडून पाहावा. दहा लिटरच्या पिशवीत एक किलो ओलसर गांडूळखत घातले आणि त्यात ४० टक्के ओलावा धरला, तर कोरडे खत ६०० ग्रॅम भरते. नत्राचे प्रमाण १.५ टक्के धरल्यास त्यात ९ ग्रॅम नत्र असतो आणि त्यातील ढोबळमानाने तिसरा भाग, म्हणजे ३ ग्रॅम, या हंगामात पिकाला मिळू शकतो. दररोज एक लिटर द्रावण देताना त्यात लिटरमागे १५० मिलिग्रॅम नत्र असेल, तर हे ३ ग्रॅम म्हणजे वीस दिवसांचे खत झाले. पेंड त्याहून जोरकस आहे. निंबोळी पेंडीत सुमारे ५ टक्के नत्र असतो, म्हणजे १०० ग्रॅम पेंडीत ५ ग्रॅम, आणि पेंड गांडूळखतापेक्षा लवकर कुजते. एवढे खत पिशवीत बसलेले असताना वरून पूर्ण मात्रा सोडणे म्हणजे मुळांभोवती मीठ साठवणे आहे.

टाकीतील द्रावण मोजतो, मग निचरा कशाला, असा प्रश्न नेहमी येतो. ईसी (विद्युत वाहकता) मीटर पाण्यात विरघळलेले आयन, म्हणजे क्षार, मोजतो, खत मोजत नाही. पेंडीच्या किंवा गांडूळखताच्या अर्कातील प्रथिनांत अडकलेला नत्र त्याला दिसत नाही, युरियाही दिसत नाही. १९:१९:१९ या खतात साधारण निम्मा नत्र युरियाच्या रूपात असू शकतो, म्हणजे तेथेही टाकीचा आकडा कमीच बोलतो. हा न दिसलेला नत्र काही दिवसांनी पिशवीत जिवाणूंकडून अमोनियममध्ये आणि पुढे नायट्रेटमध्ये बदलतो आणि तेव्हा ईसी चढते. टाकीत १.६ आणि निचऱ्यात ३.४ ईसी (मिलिसीमेन्स प्रति सेंमी) अशी तफावत त्यामुळेही दिसते. मुळे खरोखर कशात उभी आहेत, हे पिशवीखालचे पाणीच सांगते.

मोजणी अवघड नाही. पहिल्या पाण्यानंतर अर्धा ते एक तास थांबावे, पिशवीवर सावकाश शंभर-दीडशे मिलिलिटर डिस्टिल्ड पाणी ओतावे आणि खालून निघणारे पहिले ५० मिलिलिटर पाणी स्वच्छ पेल्यात धरावे. प्रत्येक ओळीतील निदान दोन पिशव्या निवडून त्यांना खूण करावी आणि दर वेळी त्याच मोजाव्यात. आठवड्यातून दोनदा, आणि ढगाळ हवामानात एक दिवसाआड. ईसी मीटर १.४१३ च्या प्रमाणित द्रावणात तपासून घ्यावा, सामू (पीएच) मीटर ४ आणि ७ च्या बफरमध्ये. सामू मीटरचे टोक कोरडे राहू देऊ नये आणि डिस्टिल्ड पाण्यातही ठेवू नये. ज्यांचा मीटर पीपीएम दाखवतो त्यांनी तो ५०० च्या पट्टीवर आहे की ७०० च्या, हे आधी पाहावे, कारण १.० ईसी एका पट्टीवर ५०० दिसते आणि दुसरीवर ७००. शेजाऱ्याच्या मीटरवरील आकडा आपल्या टाकीला लावल्यामुळे मात्रा चुकल्याची प्रकरणे कमी नाहीत.

ढगाळ हवामान या सगळ्यात घातक का ठरते, ते समजून घ्यावे. ऊन नसले की पानांतून पाणी फारसे उडत नाही, म्हणून उत्पादक पाणी कमी करतो आणि ते बरोबरच आहे. पण पाणी कमी झाले की निचरा थांबतो, आणि निचरा थांबला की जादा क्षार बाहेर पडण्याची मुख्य वाट बंद होते. पिशवी मात्र ओली आणि उबदार राहते, त्यामुळे सेंद्रिय खत कुजत राहते. माध्यमात हवा खेळती नसेल तर अमोनियमचे नायट्रेट होण्याचे काम मंदावते आणि अमोनियम साठत जातो, जो कॅल्शियमच्या शोषणाच्या आड येतो. फळापर्यंत कॅल्शियम पोहोचते ते पाण्याच्या प्रवाहाबरोबर, आणि प्रवाहच मंद असल्यामुळे टोमॅटो-मिरचीच्या फळाचे बूड काळे पडू लागते. या वेळी महागडे कॅल्शियमचे फवारे विकले जातात. पानावर पडलेले कॅल्शियम पानातून फळात फारसे जात नाही, त्यामुळे दोष मुळाशी असताना पानावर केलेला खर्च वाया जातो.

खरा फटका त्यानंतरच्या पहिल्या लख्ख उन्हात बसतो. रोप पाणी भराभर ओढते, क्षार मागे राहतात, पिशवीतील पाणी निम्मे झाले की उरलेल्या पाण्यातील क्षारांचे प्रमाण जवळजवळ दुप्पट होते. सकाळी तरतरीत दिसणारा प्लॉट दुपारी कोमेजतो आणि उत्पादक त्याला मर रोग समजून बुरशीनाशक ओततो. ते करण्याआधी एक पिशवी फाडून पाहावी. मुळांची टोके तपकिरी आणि बोथट झालेली, पण देठ आतून स्वच्छ असेल, तर पहिला संशय क्षारांवर घ्यावा आणि निचरा मोजावा.

पुढील आकडे पिशवीतील माध्यमासाठी आणि ढोबळी मिरची व काकडीसाठी आहेत. टोमॅटो थोडी अधिक क्षारता सोसतो, स्ट्रॉबेरी आणि घेवडा पुष्कळ कमी.

पिशवीत सेंद्रिय खत असताना द्रावणाची सुरुवातीची ईसी, पाण्याची स्वतःची धरून: १.० ते १.२
सेंद्रिय खताचा जोर ओसरल्यावर: १.८ ते २.०
निचऱ्याची ईसी २.५ पर्यंत: मात्रा तशीच ठेवावी
२.५ ते ३.०: मात्रा तिसऱ्या हिश्श्याने कमी करावी
३.० च्या वर: विद्राव्य खत थांबवून पिशवी धुवावी
निचऱ्याचा सामू: ५.५ ते ६.५

पिशवी धुताना निव्वळ पाणी न वापरता लिटरमागे अर्धा ग्रॅम कॅल्शियम नायट्रेट घातलेले पाणी वापरावे, कारण कोकोपीटला चिकटलेले सोडियम आणि पालाश कॅल्शियममुळे सुटतात. एकदम पूर आणू नये. सकाळच्या तीन-चार छोट्या पाळ्यांत असे पाणी द्यावे की दिलेल्या पाण्याचा पाचवा ते चौथा हिस्सा खालून निघेल, आणि निचरा २.० च्या खाली येईपर्यंत हे चालू ठेवावे. एरवीही ऊन असलेल्या दिवसांत दहा ते वीस टक्के निचरा निघालाच पाहिजे. पाणी वाचवण्याच्या नादात निचरा शून्यावर आणणारे प्लॉट मी सर्वांत आधी जाताना पाहिले आहेत.

मीटर हाताशी नसेल तेव्हा काही खुणा उपयोगी पडतात. त्या कोणत्याही शिफारशीत नाहीत, नजरेच्या सवयीतून आलेल्या आहेत. पहाटे पानांच्या कडेला जे थेंब जमतात, ते वाळल्यावर पांढरट किनार सुटू लागली की माझा आडाखा असा असतो की मुळाशी खत जास्त झाले आहे. ड्रीपरभोवती पांढरी खरपुडी दिसणे ही त्याच्या पुढची पायरी. पिशवीत बोट खुपसल्यावर मातीसारखा वास आला तर ठीक, आंबूस किंवा सडक्या अंड्यासारखा आला तर आत हवा नाही. या खुणांवरून मात्रा ठरवू नये, मोजायला घाई करावी.

टाकी भरतानाची नेहमीची कामे:

कॅल्शियम नायट्रेट वेगळ्या टाकीत
१२:६१:००, ००:५२:३४, ००:००:५० आणि मॅग्नेशियम सल्फेट दुसऱ्या टाकीत
स्लरी, जीवामृत, पेंडीचा अर्क ठिबकातून नाही, गाळून हाताने
१२० मेशचा फिल्टर रोज धुणे
जीवाणू खते आणि ताम्रयुक्त बुरशीनाशक यांत आठ-दहा दिवसांचे अंतर
ट्रायकोडर्मा (उपयुक्त बुरशी) संध्याकाळी, ओलसर माध्यमावर

कॅल्शियम आणि फॉस्फेट किंवा सल्फेट एकाच तीव्र द्रावणात आले की साका बसतो आणि ड्रीपर बुजतात. ह्युमिक ॲसिडही आम्लधर्मी द्रावणात किंवा कॅल्शियमबरोबर गुठळ्या धरते, तरी ते ‘सगळ्यात चालते’ म्हणून गळ्यात मारले जाते. ज्या पिशवीत आधीच गांडूळखत आहे, त्या पिशवीला ह्युमिकची बाटली, मुळांचे टॉनिक आणि फुलांचे बूस्टर यांची फारशी गरज नसते. अनेक बूस्टर म्हणजे मूळ स्वरूपात स्वस्तात मिळणारे स्फुरद आणि पालाशच असते. लेबलावर घटकांचे टक्के नसतील तर ती बाटली घेऊ नये, आणि असतील तर ते टक्के आपल्या हिशेबात धरावेत. जास्त स्फुरद दिला की मायकोरायझा ही उपयुक्त बुरशी मुळांवर नीट वसत नाही, त्यामुळे मायकोरायझाचे पाकीट आणि स्फुरदाचे बूस्टर एकाच बिलावर असेल तर त्यातील एकाचा पैसा फुकट गेला, असे समजावे.

ओल्या सेंद्रिय माध्यमावर घिरट्या घालणारी बारीक काळी चिलटे या दिवसांत वाढतात आणि त्यांच्या अळ्या कोवळी मुळे कुरतडतात. बटाट्याची चकती माध्यमावर पालथी ठेवून एक-दोन दिवसांनी उचलली की खाली अळ्या दिसतात. पिवळे चिकट सापळे रोपाच्या बुडाशी लावावेत, वरचा थर पाण्याच्या दोन पाळ्यांमध्ये सुकू द्यावा. पेंडीचा नवा हप्ता ढगाळ हवामान संपेपर्यंत देऊ नये.

हवामान उघडण्याचा अंदाज आला की त्या दिवशी सकाळी आठच्या आत निचरा मोजावा. आकडा २.५ च्या वर असेल तर दिवसाच्या पहिल्या दोन पाळ्या हलक्या द्रावणाच्या, ०.८ ईसीच्या द्याव्यात, दुपारी बारा ते तीन या वेळेत शेडनेट ओढून घ्यावे आणि चार वाजता तीच खूण केलेली पिशवी पुन्हा मोजावी. दुपारचा आकडा सकाळपेक्षा चढलेला असेल तर दुसऱ्या दिवशीही विद्राव्य खत सुरू करू नये.