बातम्या बंद, मतदान चालू: रोजच्या राजकीय संतापातून बाहेर कसं पडायचं

राजकारणावरून रोज डोकं तापणाऱ्याला दोन सल्ले हमखास मिळतात. एक, 'सकारात्मक राहा.' दुसरा, 'सगळे सारखेच, मत देऊन काय होणार?' पहिल्याने काहीच होत नाही आणि दुसऱ्याने हातातली एकमेव ठोस गोष्टही जाते. रोजचा संताप सोडायचा आणि मत जपायचं, हे एकाच वेळी जमतं.

सुरुवात मतदार यादीपासून करा. नाव नसेल तर नमुना ६ भरा, पत्ता बदलला असेल तर नमुना ८. ओळखपत्र खिशात आहे म्हणजे यादीत नाव असणारच, असं धरून चालू नका.

मग फोनवरच्या सूचना आणि रात्रीच्या चर्चा बंद. हे अर्ध्या तासाचं काम.

खरी कसोटी त्यानंतर, घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. मला सगळ्यात जास्त झगडावं लागलं ते इथेच. चॅनल बंद केलं की संपतं, काका संपत नाहीत. सकाळी सातला क्लिप येते, खाली 'जागे व्हा', त्यावर आत्येभावाचा संताप, आणि तासाभरात थेट तुमचं नाव घेऊन, 'तू गप्प का? पटतंय का तुला हे?' भल्याभल्यांचा निश्चय या प्रश्नाला मोडतो.

ग्रुप सोडू नका. सोडलात की त्याचीच चर्चा होते, शिवाय आजारपणं आणि लग्नाच्या तारखाही कळेनाशा होतात. म्यूट करा, दिवसातून एकदा उघडा, क्लिपला हात लावू नका. 'हे खोटं आहे' म्हणून पुरावेही टाकू नका. एक खोडून काढलीत की तीन येतात, आणि रात्री बाराला तुम्ही पुन्हा लिंका शोधत बसलेले असता. अपवाद एकच: मतदानाची तारीख, केंद्र किंवा ओळखपत्राबद्दल चुकीचं काही फिरत असेल तर एका ओळीत दुरुस्त करा.

नाव घेऊन विचारलंच तर दरवेळी तेच उत्तर द्या: 'काका, निवडणूक लागली की सगळं वाचून ठरवणार आहे, तोवर या विषयावर बोलत नाही.' कारण सांगू नका, कारणावर वाद घालता येतो. 'देशाचं काही पडलेलंच नाही हिला' असे टोमणे येतील. ते लागतात, कारण आतून आपल्यालाही तीच शंका असते. माझं मत ठाम आहे: रात्रभर चिडून ज्याला स्वतःच्या मतदारसंघातले उमेदवार सांगता येत नाहीत, त्याच्या चिडण्याचा देशाला काडीचा उपयोग नाही.

मग वाचायचं कधी? लोकसभा-विधानसभेला अर्ज मागे घेण्याची मुदत संपल्यावर चौदाव्या दिवसाच्या आत मतदान घेता येत नाही. रिंगणात कोण आहे हे तेव्हाच पक्कं होतं, आणि एवढे दिवस पुरतात. निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर प्रत्येक उमेदवाराचं नमुना २६ मधलं शपथपत्र असतं. प्रलंबित गुन्हे, मालमत्ता, देणी, शिक्षण सगळं त्यात सापडतं. उमेदवार मागच्या वेळीही उभा असेल तर दोन्ही शपथपत्रं शेजारी ठेवून मालमत्तेचे आकडे ताडून बघा. तासभर चर्चा ऐकून कळत नाही ते इथे कळतं. कुणीच पटलं नाही तर २०१३ पासून 'नोटा', म्हणजे 'यापैकी कुणीही नाही' हे बटण, आहेच. मतदान संपण्याआधीच्या ४८ तासांत जाहीर प्रचार थांबतो, निर्णय त्या शांततेत घ्या.

केंद्रावर बटण दाबल्यावर व्हीव्हीपॅटच्या, म्हणजे मताची चिठ्ठी छापणाऱ्या यंत्राच्या, काचेमागे चिठ्ठी ७ सेकंद दिसते. ती वाचूनच बाहेर पडा.

मतमोजणीच्या दिवशी सकाळपासून कल बघत बसू नका, तिथेच जुनी सवय परत लागते. आपल्या मतदारसंघाचा निकाल संध्याकाळी एकदा बघा. निवडून आलेल्याच्या कार्यालयाचा पत्ता तेवढा लिहून ठेवा, पाण्याची किंवा रस्त्याची तक्रार तिथेच लेखी द्यायची आहे.